मराठी विकिपीडियावरील नवसंपादकांचे मार्गदर्शन : वाई येथील प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

वाईतील एका सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपालांनी दर शनिवारी दुपारी तीन तास संगणक कक्ष वापरू देण्याचे मान्य केले आहे, आणि त्यांच्याच सूचनेवरून या नोंदी आजपासून ठेवीत आहे. चौदा जणांची नावे आली आहेत : महाविद्यालयातील सात विद्यार्थिनी व दोन विद्यार्थी, एक निवृत्त शिक्षिका, एक निवृत्त शिक्षक, बँकेतील एक कर्मचारी, एक शेतकरी आणि स्वतः ग्रंथपाल. मराठी विकिपीडिया या सर्वांनी कधी ना कधी वाचलेला आहे. तो १ मे २००३ पासून, म्हणजे यातील विद्यार्थ्यांच्या जन्माआधीपासून चालू आहे. परंतु त्यातील मजकूर आपल्यासारखीच माणसे फावल्या वेळात लिहितात, हे चौदांपैकी दोघांनाच ठाऊक होते.

कामासाठी महाबळेश्वरपासून कऱ्हाडपर्यंतच्या कृष्णाकाठचे विषय घ्यायचे ठरले : नद्या, घाट, गावे, किल्ले. याचे कारण असे, की या विषयांवरची छापील साधने वाचनालयाच्या कपाटातच आहेत. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले त्या गावात विश्वकोशाचे खंड असणारच. शिवाय केतकरांच्या तेवीस खंडांच्या ज्ञानकोशाचे काही खंड आहेत आणि १८८५ च्या इंग्रजी सातारा गॅझेटियरची प्रत आहे. एक अट मात्र मी घातली आहे. प्रत्येकाने स्वतःचे गाव सोडून दुसऱ्याचे गाव घ्यायचे. आपल्याला जे माहीत असते त्याला संदर्भ शोधण्याची निकड कोणालाच वाटत नाही, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

११ जानेवारी, शनिवार

पहिली बैठक झाली, आणि तिच्यातला पाऊण तास खाती उघडण्यातच गेला. एकाच जोडणीवरून एका दिवसात सहापेक्षा जास्त खाती उघडता येत नाहीत, ही मर्यादा मला माहीत होती. आधी अर्ज करून ती शिथिल करून घेता येते, हेही माहीत होते. अर्ज करायचा मात्र राहून गेला. सहा जणांची खाती उघडली आणि सातव्या विद्यार्थिनीच्या पडद्यावर नकार आला. तिला वाटले, आपल्याच हातून काही चुकले. शेवटी उरलेल्यांनी आपापल्या मोबाइलच्या इंटरनेटवरून खाती उघडली. ग्रंथपालांनी वाचनालयाच्या नावाने खाते घेण्याचे मनात आणले होते. खाते एका व्यक्तीचे असते, संस्थेचे नव्हे, कारण प्रत्येक बदलामागे उत्तर देणारे एक माणूस असावे लागते, हे सांगितल्यावर त्यांनी आपल्या आद्याक्षरांचे सदस्यनाव घेतले.

त्यानंतर मी विकिपीडियाचे पाच आधारस्तंभ समजावून सांगितले. विश्वकोशाचे स्वरूप, तटस्थ दृष्टिकोन, मुक्त मजकूर, सौजन्य आणि नियमांची लवचीकता, असे सगळे चाळीस मिनिटे फळ्यावर लिहून झाले. सर्वांनी वहीत उतरवून घेतले आणि एकानेही एक अक्षर टंकलेले नाही. निघताना शेतकरी गृहस्थांनी विचारले, “सर, हे सगळं पाठ केल्यावर लिहायला बसायचं का?”

१२ जानेवारी

कालच्या प्रश्नावर रात्रभर विचार केला. संकेत आधी सांगितले की ते परीक्षेच्या अभ्यासासारखे वाटतात. स्वतःच्या वाक्यावर कोणी बोट ठेवले तरच त्यातील एखादा संकेत कायमचा लक्षात राहतो, आणि माझे स्वतःचेही शिक्षण असेच झाले. म्हणून क्रम उलटा करीत आहे. आता पुढच्या शनिवारी व्याख्यान नाही. प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक उचलायचे, त्यातील एक माहिती स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात मांडायची आणि पुस्तकाचे नाव, प्रकाशनवर्ष व पृष्ठ क्रमांक देऊन ते वाक्य धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर ठेवायचे.

१८ जानेवारी, शनिवार

अकरा जण आले. धूळपाटी हा शब्द सर्वांना आवडला, विशेषतः पाटीवर लिहून पुसलेल्या पिढीतील दोघांना. मोडले तरी चालेल अशी जागा मिळाल्यावर हात सैल होतात, हे पुन्हा दिसले. टंकलेखनासाठी विद्यार्थ्यांनी अक्षरांतरणाची पद्धत निवडली आणि बँकेतील गृहस्थ इन्स्क्रिप्ट कळफलकावर सर्वांहून वेगाने लिहून मोकळे झाले.

धूळपाटीवरील वाक्ये मोठ्या पडद्यावर सर्वांनी मिळून वाचली. एका विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या गावाबद्दल लिहिले होते : “गावात सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने राहतात.” हे वाक्य मराठी विकिपीडियावर मी इतक्या गावांच्या पानांवर पाहिले आहे, की ते कोणाच्याही बोटांतून आपोआप उतरत असावे. ते का ठेवता येत नाही यावर अर्धा तास चर्चा झाली आणि ती माझ्या चाळीस मिनिटांच्या व्याख्यानापेक्षा कामाची ठरली. विद्यार्थ्याचे म्हणणे होते, की हे खरेच आहे. निवृत्त शिक्षकांनी त्याला विचारले, “मग जिथे राहत नाहीत त्या गावाच्या पानावर तसं लिहिलेलं तू कधी पाहिलंस का?” जे वाक्य कोणत्याही गावाला लागू पडते ते त्या गावाविषयी काहीच सांगत नाही, हे त्याला तेव्हा पटले आणि त्याने ते स्वतःच पुसले. त्या जागी त्याने २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या घातली. त्याआधी त्याने सरपंचांना दूरध्वनी करून एक मोठा आकडा मिळवला होता. तो कदाचित अधिक ताजाही असेल, परंतु वाचकाला तो पडताळता येणार नाही, म्हणून तो सोडून द्यावा लागला.

काळ दाखवणाऱ्या शब्दांचाही प्रश्न निघाला. “सध्या”, “नुकतेच”, “गेल्या वर्षी” हे शब्द वर्तमानपत्रात शोभतात, पण कोशात दुसऱ्या दिवसापासून खोटे बोलू लागतात. प्रत्येक ठिकाणी वर्ष लिहावे, असे ठरले. आदरार्थी बहुवचनावर मात्र एकमत झाले नाही. “ते जन्मले” हे मराठीचे व्याकरण आहे, त्यात पक्षपात नाही, असे माझे मत आहे, “थोर”, “आदरणीय”, “कै.”, “डॉ.” ही विशेषणे व उपाध्या मात्र नावामागे नकोत. आमच्या गटापुरते आम्ही असे धरून चाललो आहोत.

१९ जानेवारी

आज माझ्या हातून जे घडले ते सविस्तर लिहून ठेवणे भाग आहे.

रात्री दहाच्या सुमारास अलीकडील बदल चाळताना एक नवे पान दिसले. एका शाळेच्या संस्थापकांवर तो लेख होता. एकही संदर्भ नव्हता, आणि “ज्ञानाचा अखंड तेवणारा नंदादीप”, “हजारो विद्यार्थ्यांचे दैवत” अशी वाक्ये होती. मी सवयीने त्यावर पानकाढा साचा, म्हणजे पान वगळावे अशी ठरावीक सूचना, लावला, संपादन सारांशात “उल्लेखनीयता नाही” एवढेच लिहिले आणि पुढच्या बदलाकडे वळलो. या कामाला पाऊण मिनिटही लागले नसेल. सदस्यनाव मी पाहिलेच नाही. ते आमच्या गटातील निवृत्त शिक्षिका बाईंचे होते.

२० जानेवारी

सकाळी ग्रंथपालांचा दूरध्वनी आला. बाईंनी त्यांना सांगितले होते, की आपण पुढच्या शनिवारी येणार नाही. ज्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षे नोकरी केली तिच्या संस्थापकांविषयी, आपल्या पैशाने मोबाइलवर तीन संध्याकाळी खपून, त्यांनी तो लेख लिहिला होता. लेख काढावा लागेल याचे त्यांना तितकेसे वाईट वाटले नव्हते. त्यांचे शब्द ग्रंथपालांनी जसेच्या तसे सांगितले : “वर्गात मुलाच्या वहीवर नुसती फुली मारली तर आई-वडील येऊन विचारतात, काय चुकलं ते लिहा म्हणून.”

दुपारी बाईंच्या सदस्य चर्चा पानावर सविस्तर लिहिले. त्यात आधी माझी चूक मान्य केली. मग उल्लेखनीयता म्हणजे कोणाच्या मोठेपणाचे मोजमाप नव्हे, हे समजावून सांगितले : त्या व्यक्तीशी संबंध नसलेल्या कोणी, विश्वसनीय ठिकाणी, पुरेसे विस्ताराने लिहिले आहे काय, एवढाच तो प्रश्न असतो. त्या संस्थापक गुरुजींविषयी आज उपलब्ध असलेला एकमेव मजकूर शाळेच्याच सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आहे, आणि स्मरणिका शाळेनेच काढलेली असल्याने ती स्वतंत्र साधन ठरत नाही. त्या स्वतः तेथे शिक्षिका होत्या, त्यामुळे हितसंबंधाचाही प्रश्न येतो. त्यात लपवण्यासारखे काही नाही, फक्त तो चर्चा पानावर उघड करावा लागतो. शेवटी लेखाचा मजकूर त्यांच्या सदस्य धूळपाटीवर हलवून ठेवल्याचे कळवले, म्हणजे साधने मिळाली तर काम पुन्हा सुरू करता येईल.

हे सारे लिहायला पन्नास मिनिटे लागली. साचा लावण्यापूर्वी यातली पाच मिनिटे जरी खर्च केली असती तरी दूरध्वनी आला नसता. जुन्या संपादकांचा वेळ थोडा आणि नव्या पानांचा लोंढा मोठा, ही अडचण खरीच आहे. परंतु साचा वाचकासाठी असतो, लेखकाला माणसाने लिहिलेले चार शब्द लागतात.

२५ जानेवारी, शनिवार

बाई आल्या. त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. फक्त चर्चा पानावर उत्तर कसे द्यायचे ते विचारले. म्हणून आजचा विषय आपोआप ठरला. चर्चा पानावर मजकुराच्या शेवटी चार लहरी (~~~~) दिल्या की नाव व वेळ उमटते, लेखात मात्र सही कधीच करायची नाही. उत्तर देताना ओळ थोडी आत सरकवायची. एका लेखापुरता प्रश्न त्या लेखाच्या चर्चा पानावर, सर्वांशी संबंध असलेला प्रश्न चावडीवर, म्हणजे सामायिक चर्चेच्या पानावर. इतिहास पान उघडून प्रत्येकाने आपापले बदल पाहिले. संपादन सारांश रिकामा सोडला की सहा महिन्यांनी आपल्यालाच आपला बदल ओळखता येत नाही, हे त्या यादीने माझ्याआधीच सांगून टाकले.

१ फेब्रुवारी, शनिवार

भाषांतर अवजाराचा दिवस. इंग्रजी लेख एका बाजूला, यंत्राने केलेले मराठी दुसऱ्या बाजूला, आणि मजकूर फारसा न बदलता पुढे ढकलला तर अवजार इशारा देते. विद्यार्थिनींना हे साधन अतिशय सोयीचे वाटले आणि मला त्याची भीती वाटते, हे मी लपवले नाही.

सरावासाठी प्रतापगडावरील काही वाक्ये घेतली. यंत्राच्या मजकुरावरून पहिले वाक्य असे तयार झाले : “प्रतापगड हा एक डोंगरी किल्ला आहे जो की महाराष्ट्र राज्याच्या सातारा जिल्ह्यामध्ये स्थित आहे.” यात व्याकरणाची चूक एकही नाही आणि तरी हे मराठी कोणी बोलत नाही. निवृत्त शिक्षकांनी फळ्यावर एकेक शब्द खोडला. “एक” गेला, कारण मराठीत किल्ला दोन असल्याशिवाय एक म्हणावे लागत नाही. “जो की” गेले. “स्थित” गेला, कारण किल्ला पळून जात नसतो. उरले ते असे : “प्रतापगड हा सातारा जिल्ह्यातील गिरिदुर्ग आहे.” आठ शब्द गेले आणि अर्थ तसूभरही कमी झाला नाही. यानंतर “द्वारे” शोधण्याचा खेळच सुरू झाला : “शिवाजी महाराजांद्वारे बांधला गेला” याऐवजी “शिवाजी महाराजांनी बांधून घेतला”.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे सांगाव्या लागल्या. भाषांतर करताना कोणत्या भाषेतील कोणत्या लेखावरून केले, हे संपादन सारांशात लिहिणे हा शिष्टाचार नसून परवान्याची अट आहे, कारण मूळ लेखकांचे श्रेय त्यातूनच टिकते. आणि इंग्रजी लेखाबरोबर त्याचे संदर्भही इकडे येतात, तेव्हा भाषांतर करणाऱ्याने न उघडलेल्या पुस्तकाची साक्ष काढल्यासारखे होते. निदान एक तरी संदर्भ स्वतः उघडून पाहावा, असा आग्रह मी धरला. तो पाळला जाईलच असे नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

एका विद्यार्थिनीने एका शासकीय संकेतस्थळावरील दोन परिच्छेद महाबळेश्वरच्या लेखात जसेच्या तसे चिकटवले होते. तिचा युक्तिवाद साधा होता : सरकारचे म्हणजे सर्वांचे. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात तसे नाही. शासकीय साहित्यावरही प्रकाशनापासून साठ वर्षे प्रताधिकार असतो, आणि लेखकाच्या बाबतीत ही साठ वर्षे त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये वारले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त झाले. असे मुक्त झालेले संपूर्ण पुस्तक ठेवायचे असेल तर त्याची जागा विकिस्रोतावर आहे, विकिपीडियावर नाही.

तिने लगेच विचारले, की हक्कधारकाने आपण होऊन परवानगी दिली तर? त्याचे उत्तम उदाहरण शेजारीच आहे. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले. अशी लेखी आणि जाहीर परवानगी असेल तर प्रश्नच मिटतो. “साहेबांना विचारलंय, ते हो म्हणाले” यावर मात्र काहीच उभे राहत नाही. दोन परिच्छेद तिनेच काढले आणि त्यातील माहिती चार वाक्यांत आपल्या शब्दांत पुन्हा लिहिली. ही चार वाक्ये मूळ परिच्छेदांपेक्षा वाचायला बरी आहेत, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचा बराच वेळ एका अक्षराने खाल्ला. दोघींनी “कऱ्हाड” हे शीर्षक आपापल्या संगणकावर टंकले. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, तरी यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी पाने. एका कळफलकाने हा अर्धा र नुक्त्याच्या ऱ पासून बनवला होता, दुसऱ्याने साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले होते. डोळ्यांना न दिसणारी ही तफावत शोध आणि दुव्यांमध्ये नेमकी आड येते. उपाय पुनर्निर्देशनाचा : मजकूर एका पानावर, बाकी सर्व रूपांवरून तिकडे वाट. “कराड” हे रूढ रूपही त्यातच बसते. एकच नाव अनेक गोष्टींचे असेल तर मात्र निःसंदिग्धीकरण पान लागते. “कोयना” म्हटल्यावर नदी, धरण, अभयारण्य आणि मुंबई–कोल्हापूर रेल्वेगाडी, असे चार जण उत्तर देतात.

कृष्णेच्या लांबीवरूनही वाद झाला. एका प्रसिद्ध इंग्रजी कोशात ती ८०० मैल, म्हणजे सुमारे १,२९० किलोमीटर आहे; अलीकडच्या शासकीय साधनांत १,४०० किलोमीटर. बँकेतील गृहस्थांनी सरासरी काढून १,३४५ लिहिले होते. हिशेब बिनचूक, पण हा आकडा जगात कोणत्याच पुस्तकात नाही. तो आजच दुपारी वाईत जन्माला आला. मूळ संशोधन नको या संकेताचे इतके सुबक उदाहरण मला पूर्वी कधी मिळाले नव्हते. लेखात १,४०० ठेवून दुसऱ्या आकड्याची नोंद त्याच्या संदर्भासह तळटीपेत दिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

छायाचित्रे. ढोल्या गणपतीच्या देवळाचे आणि मेणवलीच्या घाटाचे फोटो सर्वांनी स्वतः काढून विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या संग्रहावर चढवले. एकाने व्हॉट्सॲपवर आलेला सुरेख फोटो “स्वतःचे काम” म्हणून चढवला. व्हॉट्सॲपमधून येताना फोटोतील कॅमेऱ्याची नोंद पुसली जाते, त्यामुळे जाणत्यांना शंका येतेच. फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे आणि फोटो माझा आहे, यांतला फरक त्याला समजला. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या पुतळ्याचा किंवा इमारतीचा फोटो आपल्याकडे चालतो. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला मात्र ही सूट लागू होत नाही.

१ मार्च, शनिवार

गुरुवारी मराठी भाषा गौरव दिन झाला. त्या निमित्ताने एका दिवसात शंभर लेख लिहिण्याची स्पर्धा घ्यावी, अशी सूचना आली होती. मी नकार दिला. संख्येला बक्षीस ठेवले की दोन ओळींची पाने निपजतात आणि ती निस्तरायला वर्ष लागते. याउलट आज सात जणांनी तीन तासांत नवे पान एकही केले नाही. आधीच्या लेखांतील संदर्भ नसलेली वाक्ये शोधली आणि कपाटातील पुस्तकांवरून त्यांतल्या नऊ वाक्यांना पृष्ठ क्रमांकासह संदर्भ दिले.

८ मार्च, शनिवार

चौदांपैकी पाच जण आता घरूनही संपादने करतात. शेतकरी गृहस्थ पहाटे हळदीच्या लागवडीचा लेख दुरुस्त करतात. स्वतःचा विषय नको ही अट त्यांनी मोडली आहे, पण कृषी विद्यापीठाची पुस्तिका मिळवून मोडली आहे, म्हणून मी गप्प आहे.

बाईंनी गुरुजींचे पान सदस्य धूळपाटीवर तसेच ठेवले आहे आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली पाहण्यासाठी त्या सातारला दोनदा जाऊन आल्या. अजून हाती काही लागलेले नाही. दरम्यान मेणवलीचा लेख त्यांनी हाती घेतला. तेथील घाटावरची मोठी घंटा चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिकडून आणली गेली, असे प्रत्येक पर्यटक-पुस्तिकेत असते. बाईंनी ते वाक्य लेखात लिहिले आणि दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी संपादकाने त्यापुढे “संदर्भ हवा” लावले. मला वाटले, पुन्हा दूरध्वनी येणार. आज त्या आल्या तेव्हा त्यांनी लेखाचे चर्चा पान उघडून दाखवले. त्यावर त्यांनी लिहिले होते, की पुस्तिका एकमेकींवरून उतरवलेल्या दिसतात, त्यामुळे त्या साधन म्हणून देत नाही. गॅझेटियर व विश्वकोश पाहून झाले की कळवते, तोवर खूण राहू द्यावी. खाली सही आणि चार लहरींनी उमटलेली वेळ, रात्रीचे अकरा वाजून वीस मिनिटे.

गॅझेटियरमधील वाई आणि मेणवलीची पाने त्या आज तीन तास वाचत होत्या. इंग्रजीतील जुन्या स्पेलिंगांनी अडचण होते, म्हणून एका विद्यार्थिनीला शेजारी बसवले. सहा वाजता कक्ष बंद करताना त्यांनी पुस्तकात खुणेचा कागद घातला आणि ग्रंथपालांना सांगितले, की पुढच्या शनिवारपर्यंत हा खंड कोणाला देऊ नका. खूण अजून लेखात आहे.